‘येते’ म्हणू नकोस

“जाते नाही गं म्हणू. येते म्हणावं.”

हा आईचा आवाज. तिचा चेहरा मला आता फोटोतूनच आठवतो, पण आवाज जसाच्या तसा कानात आहे. किंचित घोगरा, शेवटचं अक्षर लांबवणारा. दप्तर पाठीला अडकवून मी दारात उभी राहायचे, घाईत ‘जाते गं’ म्हणायचे, आणि ती हातातलं काम न थांबवता मला परत बोलवायची. नीट म्हण. मग मी ‘येते’ म्हणायचे, ती ‘ये’ म्हणायची, आणि तेवढ्या दोन शब्दांवर माझा दिवस सुरू व्हायचा. आईकडे प्रत्येक गोष्टीसाठी दोन ओळी असत. ह्यासाठीही होत्या:

जाते म्हणू नये बाई, येते म्हणावं दारात
पाऊल निघालं तरी, मन ठेवावं घरात

आई दवाखान्यात भरती व्हायला निघाली त्या सकाळी तीसुद्धा दारातून ‘येते हं’ म्हणाली. ताई आणि मी एका सुरात ‘ये’ म्हणालो. ती परत आली नाही. माझं शाळेचं पहिलं वर्ष होतं, ताईचं शेवटचं.

त्यानंतर ताईच माझी आई झाली. असं कुणी ठरवलं नाही, कुणी बोलूनही दाखवलं नाही. एका सकाळी तिने कंगवा हातात घेतला, माझ्या वेण्या घातल्या, आणि त्या इतक्या घट्ट होत्या की दिवसभर माझ्या भुवया वर ओढलेल्या राहिल्या. शाळेत बाई म्हणाल्या, “एवढं आश्चर्य कशाचं वाटतंय तुला?” आज हसू येतं. पण त्या घट्ट वेण्यांनीच मला धरून ठेवलं होतं हेही आज कळतं. पुढे ताईने एका लाँड्रीत काम धरलं, नंतर स्वतःची लाँड्री काढली, माझं शिक्षण केलं, माझं लग्न लावलं, माझ्या बाळंतपणात माझ्याआधी घाबरली. मुलगी झाली तेव्हा मी म्हटलं, “ताई, घे.” तिने पदराने हात पुसले. कोरडेच होते, तरी पुसले. मग घेतलं.

मी कान तपासते. एका दवाखान्याच्या तळमजल्यावर माझी खोली आहे, आणि त्या खोलीच्या आत आणखी एक छोटी खोली. तिच्या भिंतींना राखाडी स्पंज आहे, दार माझ्या वितीएवढं जाड आहे, आणि मधे काचेची बारीक खिडकी. दार लागलं की आत बाहेरचं काहीही पोचत नाही. आपलंच रक्त कानाशी वाहताना ऐकू येतं. माणसाला आत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं आणि सांगायचं, “आवाज आला की दाबा. कितीही बारीक असला तरी दाबा. पण अंदाजाने दाबू नका.” त्याने दाबलं की माझ्या बाजूला हिरवा दिवा लागतो.

आवाज दिलेला नसतानाही काही जण दाबतात. आपल्याला ऐकू यावं असं त्यांना फार वाटत असतं. आम्ही आपसात त्याला आशेचं बटण म्हणतो.

ताईला तिसऱ्या वेळी दिवस गेले होते तेव्हा ती माझ्याकडे कान तपासायला आली. पहिली दोन राहिली नव्हती, त्यामुळे तिच्याशी आम्ही सगळेच काचेच्या भांड्याशी वागावं तसं वागत होतो.

“कुणीतरी बोलतं गं,” ती म्हणाली. “एकच शब्द.”

“कोणता?”

“ते... नीट नाही कळत.”

मी तिला आत बसवलं. तिचे कान माझ्यापेक्षा तल्लख निघाले. शेवटी मी सगळं बंद केलं, हात मांडीवर ठेवले आणि काचेतून तिच्याकडे पाहिलं. तेव्हा दिवा लागला. थोड्या वेळाने पुन्हा लागला. ताई माझ्याकडे बघत नव्हती. ती समोरच्या स्पंजकडे बघून हसत होती, आणि तिचे ओठ हलले. एवढासा शब्द. आत काय बोललं जातं ते मला बाहेर ऐकू येत नाही.

“आशेचं बटण दाबत होतीस,” ती बाहेर आल्यावर मी म्हटलं. “कान ठणठणीत आहेत. जास्त विचार करू नकोस.”

“नाही करत,” ती म्हणाली. खूप दिवसांनी तिला एवढं खुशीत पाहिलं होतं.

त्याच आठवड्यात तेही गेलं. डॉक्टरीणबाईंनी ताईला आणि भावजींना समोर बसवून सांगितलं की बीज चांगलं आहे, दोघांचंही चांगलं आहे, पण ताईची कूस आता धरणार नाही. प्रयत्न केला तर तिच्याच जिवावर बेतेल.

माझ्या नवऱ्याला मी त्या रात्री नाही, चांगले दोन महिने विचार करून, एका रविवारी सकाळी तो दाढी करत असताना विचारलं. तो लिफ्ट दुरुस्त करतो. त्याला कुठलीही गोष्ट लिफ्टमधूनच कळते. अर्धा गाल साबणाचा ठेवून तो आरशातूनच माझ्याकडे बघत राहिला.

“म्हणजे बाळ त्यांचं, आणि आपण फक्त वर न्यायचं,” तो म्हणाला. “माणूस आपापल्या मजल्यावर उतरणार.”

“हो.”

“आणि लिफ्टला काही झालं तर?”

त्याने उरलेली दाढी केली, चेहरा धुतला, आणि टॉवेलमधूनच म्हणाला, “ताईंना नाही म्हणायचं तोंड मला नाही. तुला असेल तर तू म्हण.”

ताईला मी विचारलं तेव्हा ती माझ्यावर आधी चिडली, मग रडली, मग आठवडाभर फोन उचलला नाही. मग एक दिवस स्वतःच आली. “ही फेड आहे का?” तिने दारातच विचारलं. “मी तुला वाढवलं त्याची? तसं असेल तर नको.”

“वेड्यासारखं बोलू नकोस. फेडायचं असतं तर तुझ्या वेण्या घालून दिल्या असत्या. घट्ट.”

ती हसली. तेव्हा आमचं ठरलं.

पण ठरलं म्हणजे झालं असं नसतं, हे समुपदेशक बाईंकडे गेल्यावर कळलं. त्या चष्मा डोक्यावर ठेवून बोलायच्या आणि मग तो शोधत बसायच्या. त्यांनी आम्हाला घाई करू दिली नाही. मला त्यांनी एकटीला विचारलं, नवऱ्याला एकट्याला विचारलं, ताई-भावजींना विचारलं, मग सगळ्यांना एकत्र. तुमचं स्वतःचं कुटुंब पुरं झालंय का? कारण ह्यात काही बिघडलं तर तुम्हाला पुन्हा मूल होणार नाही अशीही वेळ येते. पहिलं बाळंतपण सरळ होतं का? बाळात काही दोष दिसला तर निर्णय कुणाचा? पोट तुमचं आहे, तेव्हा पोटाबद्दलचा शेवटचा शब्द तुमचा, हे ताईंना मान्य आहे का, आणि मान्य असेल तर ते त्यांच्या तोंडून आत्ता ऐकू द्या. मुलीला काय सांगणार? लोकांना काय सांगणार? जन्मल्यावर पहिल्यांदा हातात कोण घेणार? दूध उतरेल, त्याचं काय करणार?

“देणं जमतं हो बायकांना,” त्या म्हणाल्या. “दिल्यावर घरी जाणं जड जातं. पोट रिकामं, हात रिकामे. त्या दिवसाची तयारी आज करा. त्या दिवशी घरी कोण असेल ते आज ठरवा.”

त्यांच्यामुळे आम्ही बसून सगळं बोललो. मी आजही त्यांची आठवण काढते. जे आधी बोललं गेलं ते नंतर कधी टोचलं नाही.

शेवटी त्यांनी विचारलं, “कुणाचं काही सांगायचं राहिलंय?”

आम्ही सगळे नाही म्हणालो. ताईने नुसती मान हलवली.

आमची मुलगी सात वर्षांची. एका जागी ठरत नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणतात. तिला मी सांगितलं की मावशीच्या पोटात बाळाला जागा नाही, म्हणून ते थोडे दिवस माझ्याकडे राहणार आहे. तिने गंभीरपणे ऐकून घेतलं.

“बाळ मावशीचं, पोट तुझं,” ती म्हणाली. “मग लाथा कुणाला लागणार?”

लाथा मला लागल्या. पहिल्याच खेपेला बीज रुजलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की असं फार क्वचित होतं. त्या दिवशी मी दवाखान्यातून थेट लाँड्रीत गेले. ताई मोठ्या इस्त्रीवर होती, वाफेत अर्धी बुडालेली. मी काही बोलायच्या आधीच तिने इस्त्री बाजूला ठेवली. आम्ही दोघी कुणाच्यातरी धुतलेल्या चादरींच्या ढिगाला टेकून रडलो. चादरी पुन्हा धुवाव्या लागल्या.

निघताना मी सवयीने म्हटलं, “येते गं.”

ताईने माझं मनगट धरलं. तिचा हात इस्त्रीने गरम होता.

“जाते म्हण.”

“काय?”

“बाळ होईपर्यंत माझ्यासमोर येते म्हणू नकोस. जाते म्हण.”

“अगं, आई काय म्हणायची?”

“माहितीये काय म्हणायची. माझ्यासाठी. एवढं ऐक.”

पोटुशी बाई मी, आणि डोहाळे हिला, असं म्हणून मी हसले. जिभेला वळण लावणं सोपं नव्हतं. दारात उभं राहून ‘जाते’ म्हणताना दर वेळी कुठेतरी मागून तो घोगरा आवाज मला परत बोलवेल असं वाटायचं. भावजींना तर भारी गंमत. मी उठले की ते ओरडायचे, “चला, जाणाऱ्या बाई निघाल्या!” भावजींची आई मात्र तोंडातल्या तोंडात पुटपुटायची. ती जुन्या वळणाची, पण मनाने मोकळी. एकदा माझ्या पोटावरून हात फिरवून ती मोठ्या प्रेमाने म्हणाली, “म्हण आहे ती काही खोटी नाही हो. माय मरो, पण मावशी जगो.”

“आधी ह्यातली माय कोण नि मावशी कोण ते तरी ठरवा,” मी म्हटलं. सगळे हसले.

ताई पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. ती हसली नाही. तांब्या मात्र तिने खाली ठेवला, जरा जपून, जणू तो हातातून निसटणारच होता.

पाचवा महिना लागला. बाळ चांगलं हलत होतं. ताई सुरुवातीपासून त्याला ‘ती’ म्हणायची. तुला कुणी सांगितलं, असं विचारलं तर म्हणायची, “असंच.”

एका दुपारी कामावरून लवकर सुटले म्हणून मी न सांगता लाँड्रीत गेले. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. काउंटरपाशी गिऱ्हाइकांसाठी एक उंच स्टूल आहे, तेही रिकामं होतं. ताई त्या स्टुलाकडे तोंड करून उभी होती.

“बस,” ती म्हणत होती. “बस म्हटलं ना. कसली घाई आहे? अजून बस.”

आवाज साधा होता. पाहुणा उठायला लागला की आपण आग्रहाने म्हणतो, तसा.

“कोण आलंय?” मी विचारलं.

ती वळली. “कुणी नाही गं. ह्या वाफेला म्हणत होते, बस आता.” आणि तिने मशीनचा खटका खाली केला. वाफ आधीच बंद होती.

तीनदा पोळलेल्या बाईने रिकाम्या स्टुलाशी बोलावं ह्यात मला नवल वाटलं नाही. वाईट वाटलं, आणि तिला जवळ घ्यावंसं वाटलं. तेव्हा एवढंच.

सातव्या महिन्यात एक आजोबा कान तपासायला आले. सुनेने हाताला धरून आणलं होतं. दोन्ही कान जवळजवळ गेलेले, त्यांच्याशी बोलायचं तर कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागत होतं. मी त्यांना आत बसवलं, हेडफोन चढवले, बटण दिलं. मी त्यांच्या जवळ वाकले तेव्हा बाळाने एकदा कूस बदलली. बाहेर येऊन मी मशीन सुरू केलं. आवाज वाढवत गेले. ते शांत बसून होते, हातात बटण धरून, परीक्षेला बसलेल्या मुलासारखे. दिवा लागेना.

मशीन पुन्हा सुरुवातीला न्यावं म्हणून मी सगळं शून्यावर आणलं.

दिवा लागला.

मी काचेतून पाहिलं. आजोबांनी हेडफोन काढले होते आणि ते दाराकडे बघत होते. मी दार उघडलं.

“बाई, तुमची मुलगी बाहेर उभी आहे का?” त्यांनी विचारलं. बहिऱ्या माणसासारखं मोठ्याने नाही, हळू.

“नाही आजोबा. का?” मी ओरडून विचारलं.

“लहान मुलीचा आवाज आला. येते म्हणाली.” ते खुशीत हसले. “किती वर्षांनी कुणाचं तरी स्पष्ट ऐकू आलं.”

त्यांनी तोंड उघडलं. त्यांना सवयीने उत्तर द्यायचं होतं, मला ते दिसत होतं. त्याच वेळी माझा फोन वाजला.

“आहेस तिथे बस,” ताई म्हणाली. नमस्कार नाही, चमत्कार नाही. “खाली बस. आत्ता.”

“ताई, माझ्यासमोर पेशंट...”

“बस!”

मी तिथेच, त्या जाड दाराला टेकून, जमिनीवर बसले. बसल्यावर कळलं की पाय ओले आहेत. दुखत काहीच नव्हतं. आजोबांची सून किंचाळली तेव्हा मी खाली पाहिलं, आणि रक्त दिसलं.

बाळाची वार खाली, गर्भपिशवीच्या तोंडाशी येऊन बसली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “ह्यात दुखत नाही, म्हणून बायका कामात राहतात आणि उशीर होतो. तुम्ही चालत घरी निघाला असता तर मी आज तुमच्याशी वेगळं बोलत असते. कुणी सांगितलं तुम्हाला बसायला?”

मी ताईकडे बघितलं. ती खिडकीचा पडदा सरळ करत होती.

“सहज फोन केला होता,” ती म्हणाली.

तिथून पुढे मला ताईच्या घरी अंथरुणावर ठेवलं. नवरा आणि भिंगरीही तिथेच राहायला आले. तेवढ्याशा घरात आम्ही एवढी माणसं, आणि तरी ते दिवस आठवले की छातीत ऊब येते. भावजी सकाळी सगळ्यांचा चहा करायचे आणि प्रत्येकाची साखर चुकवायचे. भिंगरी माझ्या पोटाला तोंड लावून बाळाला शाळेतली भांडणं सांगायची. ताई दुपारी लाँड्री बंद करून यायची, माझे पाय मांडीवर घेऊन चेपायची. कितीदा तरी मी डोळे मिटून पडलेली असताना तिचा पुटपुटलेला आवाज यायचा. बस. अजून थोडं. बस गं. आणि पोटातली चुळबुळ थांबायची. आई असती तर तिने ह्यावरही दोन ओळी केल्या असत्या. ती नव्हती म्हणून मी केल्या:

कूस माझी, जीव तुझा, बाळ दोघींच्या मधलं
एका घरात पेरलं, दुसऱ्या घरात उगवलं

ताईला म्हणून दाखवल्या. ती म्हणाली, “उगवू दे आधी.”

दिवस भरले. वार खाली असल्यामुळे पोट कापूनच बाळ काढायचं होतं, त्याची तारीख दिली होती. सकाळची वेळ, खिडकीतून स्वच्छ ऊन. कमरेत सुई दिल्यावर माझं खालचं अंग माझं राहिलं नाही. पडद्यापलीकडे ओढाओढ जाणवत होती, जसं कुणी कपाटातलं सामान हलवतंय. मग रडणं ऐकू आलं.

मुलगी.

ठरलं होतं तसंच केलं. नर्सने तिला माझ्या गालाला लावलं. ओली, गरम, रागावलेली. मी म्हटलं, “जा, तुझी आई बाहेर आहे.” आणि ते म्हणताना मला काहीही तुटल्यासारखं वाटलं नाही. फक्त खूप हलकं वाटलं.

जरा जास्तच हलकं.

“प्रेशर बघा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

कुणीतरी धावलं. माझ्या तोंडावर मास्क आला. छतावरचा दिवा हिरवा झाला, आणि मग सगळं त्या स्पंजच्या खोलीसारखं शांत झालं.

पुढचं मला नवऱ्याने सांगितलं. बाहेर सगळे आनंदात होते. ताईच्या हातात बाळ होतं, झोपलेलं. भावजी फोनवर कुणालातरी बातमी सांगत येरझाऱ्या घालत होते. आतल्या गडबडीचा बाहेर कुणालाच पत्ता नव्हता. अचानक ताई बंद दाराकडे तोंड करून ओरडली.

“बस! खाली बस! कुठे निघालीस?”

भावजी घाबरून फोनसकट फरशीवर बसले. तेव्हा लोक हसलेसुद्धा. ताई थांबली नाही. बाळाला छातीशी धरून ती दाराशी बोलत राहिली, आवाज बसेपर्यंत. बस. बस गं. बस.

बऱ्याच वेळाने डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्यांचे कपडे बघून कुणाला बोलवेना. त्या म्हणाल्या, “राहिली. कशी ते विचारू नका.”

मी राहिले. ज्यांनी रक्त दिलं त्या अनोळखी माणसांमुळे राहिले, डॉक्टरीणबाईंच्या हातांमुळे राहिले. रोज सकाळी जाग आली की आधी त्या हातांना मनातल्या मनात नमस्कार करते. रिकाम्या हातांनी घरी परतायच्या दिवसाची तयारी आम्ही केलेलीच होती. घरी भिंगरी होती, तिने माझे दोन्ही हात धरून ठेवले. दूध उतरलं, ते महिनाभर काढून पाठवलं. भावजी बाटली घ्यायला यायचे आणि देवघरातून काही न्यावं तशी दोन्ही हातांत धरून न्यायचे. मी थोडी रडले, पण पोरकी झाले नाही.

ताई रोज दुपारी फोन करायची. मी कामावर परतल्यावरही. पहिला प्रश्न एकच.

“बसलीयेस ना?”

“बसलेय गं.”

“बरं.” आणि मग बाळाच्या गप्पा.

परवा बाळाला वर्ष झालं. दुपारी आम्ही दोघी ताईच्या स्वयंपाकघरात होतो. पोरगी माझ्या मांडीवर चमचा आपटत होती. तिला माझे कान फार आवडतात, दोन्ही मुठींत धरते. भिंगरीची शाळा सुटायची वेळ झाली म्हणून मी बाळाला ताईकडे दिलं, पर्स उचलली, आणि इतक्या दिवसांची लावलेली सवय विसरून म्हणाले, “येते गं.”

ताई दारात आडवी उभी राहिली.

“बस.”

“अगं, आता तरी? झालं की बाळ. आता तुला काय...”

“बस. सांगते.”

मी बसले. ताईने बाळाला कडेवर घेतलं आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

“मला शब्द कळत होता,” ती म्हणाली. “तू कान तपासलेस तेव्हा. आधीच्या दोन्ही बाळांच्या वेळीही. लहान मुलीचा आवाज. ‘येते’ म्हणायची. मला वाटलं, येतेय. माझं बाळ मला सांगतंय, मी येतेय. कोणती आई गप्प बसेल? मी म्हटलं, ये. तिन्ही वेळा, आनंदाने म्हटलं.”

स्पंजकडे बघून हसणारा तिचा चेहरा मला दिसला.

“तिसऱ्या वेळी घरी सोडलं तेव्हा मी नर्सला सवयीने म्हटलं, येते. ती म्हणाली, अहो, दवाखान्यातून निघताना येते नका म्हणू, जाते म्हणा. तेव्हा मला कळलं, येते कोण म्हणतं. निघालेला माणूस म्हणतो गं. आणि आपण ‘ये’ म्हणून त्याला निरोप देतो.”

बाळाने चमचा खाली टाकला. आम्ही दोघींनीही उचलला नाही.

“म्हणून ह्या खेपेला मी ‘ये’ म्हटलं नाही,” ती म्हणाली. “दर वेळी बस म्हटलं.”

“ताई.” माझा आवाज घोगरा झाला होता. “आणि त्या दिवशी दारात? ती तर तुझ्या हातात होती.”

“हातात होती. झोपली होती.” ताईने माझ्याकडे पाहिलं. “येते ती म्हणाली नाही. तू म्हणालीस.”

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

“मी शुद्धीत नव्हते.”

“माहितीये.”

“मग आता... झालं ना ते? संपलं?”

ताईने बाळाच्या केसांवर ओठ टेकले.

“म्हणून रोज फोन करते,” ती म्हणाली. “दुपारी वाफ बंद केली की म्हणतेस तू. रोज नाही. अधूनमधून. मी बस म्हटलं की थांबतेस. मला त्याचा त्रास नाही गं, जन्मभर म्हणेन. पण...”

“पण काय?”

“हे सांगायचं नव्हतं तुला.” तिने बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं. “ह्यांनी तिला टाटा करायला शिकवलंय. काल तू म्हणालीस तेव्हा दुकानात कुणीच नव्हतं. तिने रिकाम्या स्टुलाकडे बघितलं, हसली, आणि हात वर केला. मी तिचा हात धरून ठेवला.”